थर्झाची चंदेरी गॅन्सी

माझी वहिनी थर्झा साधं काही विणत नसे. आमच्या स्केलविक गावात प्रत्येक घराची गॅन्सी वेगळी. गॅन्सी म्हणजे मच्छीमारांचा घट्ट विणीचा निळा स्वेटर, ज्यातून वारा शिरत नाही आणि पाणीही सहज मुरत नाही. छातीवर गावाची नक्षी असते: दोराचा पीळ, आणि त्याच्या शेजारी वर-खाली जाणारी नागमोडी. तिला आम्ही 'संसार' म्हणतो. डाव्या खांद्याखाली ज्याच्या त्याच्या घराची खूण. आमची खूण तीन पायऱ्यांची शिडी. समुद्रानं माणूस परत दिला तरी चेहरा ओळखू येईलच असं नाही, म्हणून गॅन्सी बघतात आणि कुणाच्या दारात जायचं ते ठरवतात.

माझा भाऊ एब एक्कावन्नच्या जानेवारीत बोटीसकट गेला. बरोबरच्या दोघांची मढी आठवड्याभरात किनाऱ्याला लागली. एब लागला नाही. त्यानंतर दारावर थाप पडली की थर्झा सुया मांडीवर ठेवून दाराकडं नुसती बघत राहायची, उठायचं मीच. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. जीभ मात्र अशी तिखट झाली की मासळीबाजारातले लोक तिला वजनात फसवायचं विसरले.

अठ्ठावन्न साली लीड्सहून डेस्मंड प्रॅगनेल नावाचा एक पोरगेलासा माणूस सिनेमा काढायला आमच्या गावात आला. आधी तो साबणाच्या जाहिराती करायचा. सिनेमात दुसऱ्या ग्रहावरची बारा माणसं समुद्रातून चालत किनाऱ्यावर येतात, अशी गोष्ट. त्यांचं यान कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, समुद्राच्या तळाशी. म्हणजे दाखवायची भानगडच नको. खिशात दमड्या नसल्या की डोकं कसं चालतं बघा.

थर्झाकडं तो कपड्यांसाठी आला.

"मिसेस व्हेरिल, बारा अंगरखे हवेत. अगदी साधे. वरून चंदेरी रंग मारू."

"साधे हवे असतील तर गोणपाट गुंडाळ त्यांना. माझ्या हाताला साधं येत नाही."

"बरं, नक्षी घाला. लांबून कोण बघतंय?"

"लांबून बघायचं असेल तर विणू कशाला, बाळा?"

मी चहा ओतत होते, मला हसू आवरेना. पण डेस्मंड चिकट निघाला. खुर्ची ओढून त्यानं तिला अख्खी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणे त्या बारांतला एक मरतो. समुद्र त्याला वाळूवर आणून टाकतो. दोन सैनिक त्याला उताणा करतात आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात येतं, की हाही कुणाचा तरी असणार, याचीही कुणी वाट बघत असणार.

थर्झाच्या सुया थांबल्या.

"कुठल्या वाळूवर?"

"इथल्याच."

"मग बाराही विणते. पैसे नकोत. पण तो इथंच लागला पाहिजे आणि सिनेमात राहिला पाहिजे. तो भाग काढायचा नाही. शब्द दे."

त्यानं शब्द दिला. फुकटात बारा गॅन्सी म्हटल्यावर कोण देणार नाही?

पाच महिने आम्ही दोघी विणत होतो. बाह्या मी केल्या, छाती तिनं. मग बोटींना मारतात तो चंदेरी रंग फासला. लोकर अशी ताठ झाली की घालणाऱ्याला बसता येईना. घालणारे सगळे आमच्याच गावचे. आमचा खाटीक वॉल्टर मेलेला झाला, कारण एरवीही त्याला हलायचा कंटाळा. डोक्याला सगळ्यांच्या काचेचे गोल गडू, लोणच्याच्या बरणीएवढे.

वॉल्टरची गॅन्सी मात्र थर्झानं एकटीनं विणली होती. शूटिंगच्या दिवशी त्याच्या डाव्या खांद्याखाली मला शिडी दिसली. तीन पायऱ्या.

"वहिनी, हे काय गं?"

"घराची खूण. मग काय, शेजाऱ्यांची घालू?"

मी त्या शिडीवरून बोट फिरवलं. ती मात्र पाण्यात घोटाभर उतरून डेस्मंडला शिकवत होती. "तोंड दाखवू नकोस. डोक्यावरच्या बरणीत वाळू भर, शेवाळ भर. आणि दोघांनी उचलायचं, एकानं नाही. भिजलेला माणूस जड असतो." डेस्मंडनं सगळं तिच्या मनासारखं केलं. शिडी त्याला परग्रहाची लिपी वाटली आणि फार आवडली.

सिनेमा तयार झाला आणि लंडनहून पत्र आलं. थेटरांना सिनेमे पुरवणारे कुणी मिस्टर फेन होते. त्यांचं म्हणणं, गोष्ट ठीक आहे, पण शेवटचा मढ्याचा भाग रटाळ आहे. तो कापा, तरच घेतो. डेस्मंड पत्र घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला. चेहरा एवढासा झाला होता.

"मिसेस व्हेरिल, गोष्ट लिहिण्यापासून दोन वर्षं घातलीत मी यात. हे कापलं नाही तर सिनेमा डब्यातच राहील."

"शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग त्या फेनला इथं बोलाव. आपल्या थेटरात, गावासमोर बघू दे."

"इथं? अहो, सगळे एकमेकांना ओळखतात! वॉल्टरला बघून हसून हसून लोळतील लोक. फेनसमोर हसले की संपलंच."

"हसतील," थर्झा म्हणाली. "मग थांबतील."

तिच्याकडं बघून तो हो म्हणाला. त्यालाही दुसरा रस्ता नव्हताच म्हणा. पण एक बजावून गेला, की लोक हसले तर तो भाग कापणार.

जाहिरातीचं काम तिनंच अंगावर घेतलं. शनिवारी सकाळी मासळीच्या लिलावात बारा चंदेरी गडी एका रांगेत चालवले आणि स्वतः पुढं पाटी धरून, 'आज दुपारी, रॉक्सी थेटर'. दुपारी थेटरात मुंगी शिरायला जागा नव्हती.

मिस्टर फेन मधल्या रांगेत बसले, कोट घालून, हॅट घालून, घड्याळ बघत. आमच्या रॉक्सीची एक गोष्ट सांगते. सिनेमा संपला की राणीसाठी राष्ट्रगीत वाजतं आणि उभं राहावं लागतं. म्हणून आमची माणसं शेवटच्या मिनिटालाच टोप्या चढवून सटकतात. राष्ट्रगीताला उभं राहिलेलं माणूस मी तिथं पाहिलेलं नाही.

पहिला परग्रहवासी पाण्यातून वर आला आणि कुणीतरी ओरडलं, "नेड, तुझं भाडं थकलंय!" मग काय विचारता. चालण्यावरून, ढेरीवरून, फेंगड्या पायांवरून एकेक जण ओळखला जायला लागला. बायका पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसत होत्या, पुरुष बाकं बडवत होते. फेननी वहीत काहीतरी खरडलं. डेस्मंड माझ्या डाव्या बाजूला बसला होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मलाही वाटलं, आटोपलं सगळं. थर्झा लेमनच्या गोळ्या खात होती.

मग वाळू आली. ओहोटीची, ओली, रिकामी. दूर काहीतरी पडलेलं. "वॉल्टर, ऊठ, दुकान उघड," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. दोन सैनिक जवळ गेले. दोघांनी मिळून उचललं. बरणीत शेवाळ, चेहरा नाही. कॅमेरा खाली आला, दोराचा पीळ दिसला, संसार दिसला, आणि डाव्या खांद्याखाली तीन पायऱ्या.

हसू मध्येच तुटलं. वॉल्टर स्वतः माझ्या पुढं बसला होता, त्यानंच पहिल्यांदा टोपी काढली. मग जुना हार्बरमास्तर गुडघे धरत उठला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच्या रांग. आमच्या धक्क्यावरून बुडालेला माणूस आणतात तेव्हा उठतात तसं सगळं थेटर उठलं, टोप्या हातात घेऊन. मीही उठले. बिचारे मिस्टर फेन गोंधळले. त्यांना वाटलं, राष्ट्रगीत लागलं असावं. तेही हॅट काढून उभे राहिले आणि तसेच राहिले.

एकटी थर्झा बसून होती. घरच्या बाईनं उठायचं नसतं.

बाहेर आल्यावर फेन तिच्याजवळ आले. "बाई, हे काय होतं?"

"आमच्याकडं किनाऱ्याला लागलेल्या माणसासाठी उठतात," ती म्हणाली. "कापणार आहात का?"

त्यांनी हॅट अजून घातली नव्हती. "नाही," ते म्हणाले. "बाकीचं कापेन हवं तर." डेस्मंड तिथंच पायरीवर बसला.

आम्ही दोघी धक्क्यावरून घरी निघालो. भरती लागली होती, ऊन होतं. माझे डोळे काही थांबेनात. तिनं मला रुमाल दिला, आणि अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाली,

"सात वर्षं लावली घरी यायला. तुझा भाऊ कधी वेळेवर आलाय का गं?"

आणि मग धक्क्यावरच्या दोरांच्या ढिगावर बसून ती रडली. मी शेजारी बसून राहिले.