वालात गेला तो आऊट

दरवर्षी वाल उपटायला गेलो की झाडांच्या बुडात टेनिस बॉल सापडतात. एखादा नवा, बाकी फाटके. पिशवी घेऊन जावी लागते. किश्श्यांचंही तसंच आहे. एक काढायला जावं तर हाताला चार लागतात!

मी चौथीपर्यंत शिकलो. साजगावच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आता शेती बघतो. लिहिण्याचा सराव नाही. पण आमच्या गावचा कॉमेंटेटर परवेझ मागे लागला, "आप्पा, तुमी बोलता ना, तसंच लिवा." म्हणून लिहितो.

किस्से माझ्या नातवाचे, निखिलचे. मुलगा-सून नोकरीसाठी वाशीला गेले, हा आमच्याकडेच वाढला. आता पुण्याला एका कंपनीत आहे. एकाआड एक शनिवारी घाट उतरून बाईकने घरी येतो. आमच्यासाठी येतो असं त्याची आजी सांगते. क्रिकेटसाठी येतो हे मला माहीत आहे. मध्ये हे येणंच बंद पडलं होतं, आणि त्याला कारण मी. ते पुढे येईलच.

* * *

आधी नियम सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

भात कापून झालं की माझ्या एका खाचरात गावातली पोरं पिच करतात. माती ओलवून, चोपून, वर शेणाचा हात फिरवतात. बॅटिंग एकाच टोकाला, कारण दुसऱ्या टोकाला विहीर आहे. शेजारच्या खाचरात मी वाल पेरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या लेगला तो येतो.

पहिल्याच वर्षी पोरांनी वाल तुडवला. मी स्टंप उपटून घरी आणले. संध्याकाळी सगळी टीम दारात!

मी सांगितलं, "बॉल वालात गेला की बॅट्समन आऊट. काढायला एकानंच जायचं. अनवाणी. कबूल असेल तर स्टंप घेऊन जा."

कबूल झाले. पुढे मोठे सामने भरायला लागले, तेव्हा बाहेरच्या टीमलाही हाच नियम. कर्जतकडचा एक कॅप्टन माझ्याशी भांडायला आला होता.

"काका, सिक्स आहे ही! केवढी लांब गेलीय बघा तरी!"

"म्हणून तर आऊट," मी म्हणालो. "जवळ पडली असती तर वाल वाचला असता."

* * *

निखिल सात वर्षांचा असल्यापासून याच खाचरात खेळला. त्यामुळे तो ऑफला असा मारतो की फिल्डर हात मागे घेतात. लेगला मात्र त्याने कधी बॅटच फिरवली नाही.

पुण्यात कंपनीच्या टीममधून पहिल्यांदा खेळला. बॉलर पायावर बॉल टाकतोय, आणि हा बाजूला होऊन ऑफला ढकलतोय. एक रन, एक रन. शेवटी कॅप्टन ओरडला, "अरे, लेग साइड पूर्ण मोकळी आहे! तिकडे मार ना!"

निखिलच्या तोंडून निघून गेलं, "सर, तिकडे वाल आहे."

कॅप्टनने वळून बघितलं. तिकडे पार्किंग होतं.

सोमवारी ऑफिसात याच्या टेबलावर डबा. वर चिठ्ठी : 'लेग साइडकडून सप्रेम भेट.' आत उसळ. सगळा मजला हसत उभा!

त्याने एक घास खाल्ला आणि डबा बंद केला. मला फोन करून सांगत होता, "आप्पा, हसले त्याचं काय नाय. पण वाल म्हणून पावटे आणले होते त्यांनी!"

* * *

त्यानंतर कॅप्टनने त्याला सांगितलं, तुला लेगला मारायला शिकवतो, दर रविवारी प्रॅक्टिसला ये. रविवारी पुण्यात थांबायचं म्हणजे गावी येणं बंद. हे त्याने मला सांगितलं नाही, आजीला सांगितलं. ती कांदा चिरता चिरता माझ्यासमोर बोलली.

"या वर्षीचा आपल्या गावचा चषक खेळणार हाय. मग नाय यायचा म्हणतो."

"नको येऊ दे."

"अवो, वालाचं एक खाचर सोडा की त्या पोरासाठी!"

"नियम मी केलाय. मीच मोडला तर पोरं काय शिकतील?"

"लेगला मारायला शिकतील," ती म्हणाली, आणि कांदा घेऊन आत गेली.

* * *

निखिलला टीव्हीवरच्या मॅचचंही वेड आहे. खोलीवर तिघे राहतात. भारताची मॅच असली की हा उलट्या बादलीवर बसतो. खुर्ची आहे, पण खुर्चीवर बसलं की आपण हरतो म्हणे!

एकदा त्याने आजीला व्हिडिओ कॉल लावला. इकडे आमच्या टीव्हीवर तीच मॅच. मी दूध काढायला म्हणून उठलो आणि तिकडे विकेट पडली.

"आप्पा, बसा खाली!" फोनमधून आवाज. "तुमी उठलात म्हणून गेली ती!"

"मी मॅच बघत नाय."

"नका बघू. पण बसून नका बघू!"

पुन्हा उठलो, पुन्हा विकेट. त्याची आजी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "देशाचा प्रश्न हाय." मी दीड तास बसलो. मॅच जिंकली, तेव्हा फोनमधून परवानगी आली, "आता उठा, आप्पा."

गोठ्यात गेलो. म्हशीने लाथ घालून कळशी पाडली. तिला निकाल कळलेला नव्हता.

* * *

मी क्रिकेट बघत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सामन्याच्या दिवशी मी छत्री घेऊन बांधावर उभा असतो, तो वाल राखायला.

हल्ली आमचे सामने मोबाईलवर लाइव्ह दिसतात. परवेझचा बेकरीचा टेंपो आहे. त्याच्या टपावर कॅमेरा, आत माइक घेऊन स्वतः परवेझ. त्याचं एक वाक्य खालापूर तालुक्यात गाजलं आहे : "मंडळी, लेगला फिल्डर नाय, लेगला वाल उभा हाय! आणि वाल कॅच सोडत नाय!"

एका रविवारी निखिलला सुट्टी नव्हती. कंपनीत बसून चोरून मॅच बघत होता. बांधावर माझा फोन वाजला.

"आप्पा, दोन पावलं डावीकडं सरका. तुमची छत्री मधी येतेय."

"मी वाल राखतोय."

"वाल तुमच्या पाठीमागं हाय, आप्पा. मला तुमचं तोंड दिसतंय!"

मी फोन बंद केला. दोन पावलं सरकलो ते ऊन लागत होतं म्हणून.

* * *

निखिलचं स्थळ बघायला एकदा कर्जत तालुक्यातले पाहुणे आले. रविवारच धरून आले. पाहुणे ओटीवर आणि नवरदेव पिचवर! परवेझला माइकवरून बोलवायला लावलं, "बॅट्समन निखिल, तुमच्या घरी पाव्हणे आलेत. आऊट होऊन या!"

हा आऊट होईना. शेवटी इनिंग संपल्यावर धुळीच्या पायांनी आला, पाणी प्यायला, बसला. नोकरी सांगितली, शिक्षण सांगितलं. मुलीचे वडील खूश. मुलीचा मामा मात्र मघापासून याच्याकडे निरखून बघत होता. तो त्यांच्या गावचा विकेटकीपर निघाला.

"वळखला मी याला," मामा म्हणाला. "पोरगा चांगला हाय. पन एकाच बाजूचा हाय."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. निखिल मला म्हणाला, "आप्पा, तुमच्या वालापायी लग्न मोडलं माझं."

"वालापायी मोडलं ते टिकलं नसतं," मी सांगितलं.

तेव्हा तो हसला होता.

* * *

मग त्या वर्षीचा चषक. आमच्याच खाचरात. फायनलला आमचं गाव पहिल्यांदाच आलं होतं. वाल शेंगांनी भरला होता. मी छत्री घेऊन बांधावर.

शेवटचा बॉल. जिंकायला पाच रन हवे. म्हणजे सिक्सच. बॅटिंगला निखिल.

समोरच्या कॅप्टनने सगळे फिल्डर ऑफला नेऊन उभे केले. परवेझ माइकवर ओरडत होता तो गप्प झाला. एवढा वेळ गप्प मी त्याला कधी ऐकला नाही.

बॉल पायावर आला. आणि निखिलने जन्मात पहिल्यांदा बॅट लेगला फिरवली. बॉल माझ्या छत्रीवरून गेला. असा फटका मी आमच्या गावात बघितलेला नाही. वालाच्या बरोबर मधोमध पडला.

कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. पंच शेजारच्या गावातले मास्तर होते. ते चालत बांधापर्यंत आले.

"आप्पा, काय देऊ?"

"नियम काय हाय?"

"आऊट."

"मग मला कशाला विचारता?"

मास्तरांनी बोट वर केलं. चषक दुसऱ्या गावाला गेला.

बॉल काढायला निखिल स्वतः आला. बूट घालूनच वालात शिरला. सरळ चालत गेला, बॉल उचलला, माझ्या हातात दिला. मी बुटांचं बोललो नाही. बाईक सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आजीने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

* * *

पुढच्या शनिवारी तो येणार नव्हताच. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला नाही. फोन यायचे. आजीशी बोलायचा, म्हशीची चौकशी करायचा. माझी करायचा नाही.

त्या साली वाल चांगला झाला. डबे भरून ठेवले. आजी एरवी वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करते. निखिलला आवडतं म्हणून. त्या साली एकदाही भिजवले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सोलायला वेळ लागतो. तुमाला एकट्याला कोन सोलत बसंल?"

परवेझ सकाळी पाव द्यायला यायचा. तोही दोनच वाक्यं बोलायचा. माइकवर अखंड बडबडणारा हा माणूस माझ्याशी मोजून बोलायला लागला होता.

एक दिवस पाव ठेवता ठेवता म्हणाला, "आप्पा, निखिल पुन्यात बी खेळत नाय आता. कॅप्टन लेगला बॉल टाकतो, हा बॅट उचलत नाय. बसून असतो."

"मग तिकडं थांबतो कशाला?"

"ते मी कसं सांगू? तुमी इचारा."

मी विचारलं नाही.

* * *

आता शेवटचं.

यंदा भात कापून झालं. पोरं नेहमीसारखी स्टंप घेऊन दारात आली. मी म्हणालो, "नियम तोच हाय. वालात गेला तो आऊट. जा, पिच करा."

वाल पेरला. उगवला. दोन-दोन पानं आली तेव्हा परवेझने बांधावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढला. "कशाला रं?" विचारलं, तर म्हणाला, "असाच."

त्या शनिवारी दुपारी मी बांध लिंपत होतो. बाईकचा आवाज आला. ती घराकडे न जाता सरळ खाचराकडे आली. निखिल उतरला. पाठीवर बॅग, बॅगेतून बॅटचा दांडा बाहेर. लेगच्या खाचराकडे बघितलं. भाताचे खुंट, बाकी मोकळं रान. मग ऑफच्या खाचराकडे बघितलं. हिरवागार वाल!



"आप्पा, वाल या बाजूला कसा काय?"

"जमीन बघून पेरतात."

"तिकडची जमीन चांगली व्हती की."

"तू शेती करतोस का मी?"

तो म्हणाला, "मी आता मारू कुठं?"

"लेगला मोकळं हाय."

"मला लेगला येत नाय."

"एकदा आलं होतं."

त्याने बॅग बांधावर टाकली, बॅट काढली. मी हात धुतले. वाल उपटताना सापडलेल्या बॉलची पिशवी मी त्या दिवशी सोबतच आणली होती. विहिरीच्या टोकाला गेलो. खांदा दुखतो, तरी टाकला. बरोबर त्याच्या पायावर.

हा बाजूला झाला आणि जुन्या सवयीने ऑफला हाणला. बॉल वालाच्या मधोमध!

मी बोट वर केलं.

"आऊट!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बांधावर बसला, दोन्ही बूट काढून नीट बाजूला ठेवले आणि अनवाणी, बघून बघून पाय टाकत, वालात उतरला.