भिंत, दार आणि बायांची बाजू

माझे भाऊजी एकोडीला धान पिकवतात. त्यांनी जन्मातलं पहिलं नाटक लिहिलं आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावातच त्याचा प्रयोग ठरला. सासू सुनेला घराबाहेर काढते, नवरा पुण्याला कामाला, असं रडवणारं. आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटक तरतं ते बायांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर. "बाया मधातून उठून गेल्या, तं मी पुन्हा पेन हाती धरत नाई," भाऊजी म्हणाले, आणि नेपथ्य माझ्यावर सोपवलं. माणूस जिवावर उदार झाला की असं करतो.

आमच्याकडे एक रंगवलेला पडदा सोडला की घर होतं, दुसरा सोडला की जंगल. मला हे बाळबोध वाटलं. नागपूरला मी एक अख्खं नाटक पाहिलेलं, म्हणजे अधिकार होताच. मी बांबूच्या तट्ट्यांची भिंत केली, दारासकट. समोरून मातीनं लिंपली, शेणानं सारवली आणि रंगमंचावर तिरपी उभी केली. तिरपी कशाला, असं कुणी विचारलंच तर 'दृश्याला खोली येते' हे उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही. मग मैदानात खुर्ची टाकून मी स्वतःवर खूश झालो.

खुर्ची माणसांच्या बाजूला होती. मैदानात मधोमध दोर बांधतात, इकडे माणसं, तिकडे बाया. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण दोरापलीकडे जाऊन पाहायचं काही सुचलं नाही.

पडदा उघडला. सून रडू लागली. बायांना नुसती भिंतीची पाठ.

"कोन रडून रायली वं?"

"भित रडून रायली!"

खसखस पिकली. चार-सहा जणी लेकरं काखेत घेऊन उठल्या. विंगेत भाऊजी पांढरे पडले. तेवढ्यात माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज आला, "अरे, हालव ना थे भित! तट्टे पाहाले आलो का आमी?"

मी रंगमंचावर धावलो, भिंत मागे ढकलून सरळ केली. टेकू निखळले. आता ती पडू नये म्हणून मी दारातच उभा, दोन्ही हातांनी चौकट धरून, गळ्यात मापाची टेप.

सासू कडाडली, "निंघ घरातून!" सून दाराशी आली, पुटपुटली, "सरका ना जी."

"सरकलो तं भित पडते."

बिचारी माझ्या काखेखालून वाकून बाहेर गेली. मी जागचा हललो नाही.

बायांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली, "पाहा मुर्दाड नवरा! पुण्याहून आला, आन् बायकोले हाकलून रायले तं ठोंब्यावानी उभा हाये!" उठलेल्या खाली बसल्या. पदर डोळ्यांना लागले. मला शेवटपर्यंत शिव्या पडल्या, आणि शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

भाऊजींनी दुसऱ्या प्रयोगासाठी नवऱ्याला खरंच परत आणलं. दारात उभा, तोंडी एक वाक्य नाही. मी ती भूमिका मागितली.

"नाई बाबू," ते म्हणाले, "त्याले अभिनय लागते."