विहिणीला धाडलेले चौकोन

बसा, चा घ्या. आज मी माझीच फजिती सांगते, दुसऱ्या कोणाची नाय.

माझ्या नातीचं, सायलीचं, लगीन आठ दिवसांवर आलेलं. नवरा उरणचा. त्याची आजी मंजे आमची मोठी विहीण. तिने आमच्याकडची हळदीची गाणी मागितलेली, छापून बायांना वाटायला. आता गाणी कोणाला पाठ? मला. शाळा चौथीत सुटली, पण गाण्यांनी कणगा भरलेला हाय.

सायलीने लॅपटॉप मांडला. "आजी, तू नुसती बोल. हा एडिटर ऐकून लिहितो."

मी बोलले. तर पडद्यावर अक्षर एक नाय. सगळे चौकोन.

"यात मराठीचं पॅकेज नाहीये," सायली म्हणाली, "आणि टाकायला गेलं की एरर येतोय." तिने काढलं, परत टाकलं, मशीन बंद करून चालू केलं. परत चौकोनच. "तू बोलत राहा, मी मैत्रिणीला विचारते," म्हणून फोन घेऊन गेली गॅलरीत.

दुपारची वेळ. वर पंखा, लांब कळंबोलीकडं ट्रकांची घरघर. डोळे जड झालेले. आणि बघता बघता त्या चौकोनांची गव्हाण गावची खाचरं झाली ना. बांध घातलेली, पाण्याने भरलेली, त्यात आभाळ. मी नि माझ्या मैतरणी गुडघाभर चिखलात, लावणी करतोय. ज्या शेतांवर आता इमारती हायत, ती सगळी परत आलेली.

तिथं आमी काय देवाची गाणी गायचो? कोणाच्यातरी सासूची खोड काढायचो.

तसलंच आलं की तोंडावर, बोलले मोठ्याने. "विहिणीच्या कालवणाला मांजर तोंड लावी ना." मग, "विहीण बसली पाटावर, पाट गेला मोडून." चौकोनांना काय कळतंय? अजून चार जोडली.

सायली आली. "एकटीच काय हसतेस गं?"

"काय नाय, डोळा लागलेला."

"पॅकेज काही बसत नाहीये. फाइल उरणला पाठवून बघते, त्यांच्याकडे उघडते का."

"धाड की. बसंल विहीण चौकोन मोजत."

थोड्या वेळाने नवऱ्या मुलाचा फोन आला. सायली खूश. "आजी, अक्षरं आत बरोबरच होती, फक्त आपल्याकडे दिसत नव्हती. त्यांच्याकडे पॅकेज आहे. त्याची आजी मोठ्याने वाचतेय."

"सगळं?"

"अक्षर न अक्षर. का गं?"

खाचरं, आभाळ, मैतरणी, सगळं जागच्या जागी आटलं. नातीचं लगीन माझ्या जिभेने मोडतंय का काय? सायलीला खरं सांगितलं. पोरगी पांढरीफटक. तेवढ्यात विहिणीचा फोन.

"जनाबाय, मांजराचं गाणं वाचलं."

"विहीणबाय, ते चुकून झालं."

"चूक हाय खरी. नाव चुकलंय. मी करते बरोबर." आणि फोन ठेवला.

सात दिवस घास गोड लागला नाय.

हळदीला कागद वाटले. चौकोन एक नाय, कशी काळीभोर अक्षरं: "जनाबायच्या कालवणाला मांजर तोंड लावी ना." विहीण पुढं उभी राहून गात होती, मागं अख्खा मांडव.

आणि सगळ्यांच्या वर आवाज कोणाचा, सांगू? माझ्या सुनेचा. पंचवीस वर्षं माझं कालवण खाल्लेली बाय ती, तिला कागद लागलाच नाय.