बायकोनं पाहिलेले मासे

लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ, मासे बघण्यासाठी मुद्दाम थांबवलेल्या होडीवरून मी पाण्यात मुटका मारला. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी कवटाळायचे आणि बसल्यासारखं पाण्यावर आदळायचं. आमच्या उंब्रजकडं विहिरीत असा मुटका मारला की पाणी काठावरच्या लोकांच्या अंगावर उडतं, लोक शिव्या देतात, आणि मारणाऱ्याला ते कौतुक वाटतं. इथंही पाणी लोकांच्या अंगावर उडालं. शिव्या कुणी दिल्या नाहीत, शिट्टी मात्र वाजली. मी तोंड पुसत वर आलो तेव्हा होडीतली दहा-बारा माणसं माझ्याकडं बघत होती आणि आसपास औषधालाही मासा उरला नव्हता.

"साब, मछली देखने आए ना?" गाइड म्हणाला. तो बेटावरचाच, माझ्या वयाचा माणूस होता. "फिर मछली को भगाया क्यों?"

मासे परत येईपर्यंत थांबावं लागेल, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि आमचा नंबर सर्वांत शेवटी टाकला. फळीवर नारिंगी जॅकेट घालून, चष्मा कपाळावर चढवून तयार बसलेली माझी बायको माझ्याकडं न बघताच म्हणाली, "झालं तुमचं?"

तिचा राग योग्य होता. तो कळण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

आमचा मुलगा फौजेत आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं आम्हाला मुंबईहून ह्या मोठ्या बोटीच्या सफरीवर पाठवलं. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विहिरीत बुडालेले पंप वर काढून दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. बायको जतची. तिच्या लहानपणी पाणी टँकरमधून यायचं आणि घागरीत मावायचं. बुडण्याइतकं पाणी तिनं लग्न होऊन उंब्रजला आल्यावरच पाहिलं. तुला पोहायला शिकवतो, असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचो. दर उन्हाळ्यात विहिरीवर बाप्यांची गर्दी असायची. असे पंचवीस उन्हाळे गेले.

दुसरी गोष्ट अशी, की आमच्या घरात सांगण्याचं खातं माझ्याकडं आहे. लग्नकार्यात, जेवणावळीत, कुठंही चार माणसं जमली की मी सुरू होतो. तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेसुद्धा मीच सांगतो. ती शेजारी बसून ऐकते, जसं काही ते तिसऱ्याच बाईचं झालंय.

म्हणून बोट सुटली त्या दिवशीच कठड्याला धरून तिनं मला बजावलं होतं, "आवं, ऐका. ह्या खेपंला पाण्यातलं मी बघणार आणि मीच सांगणार. जतला बहिणी वाट बघत्यात. तुमी मधी तोंड घालायचं न्हाई."

"बरं," मी म्हणालो होतो.

तर आमचा नंबर आला. प्रत्येक जोडप्याला वीस मिनिटं होती. एक रबरी कडं, त्याला दोन्ही बाजूंनी आम्ही धरलेलं, पुढं दोरी घेऊन गाइड. डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी. तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून निवांत श्वास घ्यायचा. बायकोनं पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले, तोंड खाली घातलं आणि नळीतून तिचा श्वास आत-बाहेर वाजू लागला. तिला काही अडचणच आली नाही.

अडचण मला आली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी सहाव्या वर्षी विहिरीत पोहायला शिकलो. तेव्हापासून अंगाला एकच सवय: तोंड पाण्यात गेलं की श्वास बंद. पंपाचा नटबोल्ट तळात पडला तर मी एका दमात बुडी मारून तो आणतो. आता तोंडात नळी होती, वर हवा होती, गाइड "साँस लो साब, साँस लो" म्हणून ओरडत होता, आणि मी छाती फुगवून दम धरून पडलो होतो. पाऊण मिनिटानं फुटायची वेळ आली की मी मुंडी वर काढायचो, खोकायचो, चष्म्यात पाणी भरायचं. मी वर आलो की गाइड थांबायचा. तो थांबला की बायकोलाही मान वर काढावी लागायची. असं चार वेळा झालं.

पाचव्या वेळी तिनं तोंडातली नळी काढली.

"आवं, तुमी जावा की वर."

"जमतंय आता."

"न्हाई जमत. माझी येळ जातीय."

मी होडीत चढलो. शिडीवरून चढताना पायातले रबरी पंखे काढायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं तिथंही दोनदा खाली आलो. अखेर एका प्रवाशानं काखेत धरून मला आत ओढलं, पुसायला स्वतःचा टॉवेल दिला आणि हातात खाकरा ठेवला. तो लांब जाणाऱ्या नारिंगी ठिपक्याकडं बघत म्हणाला, "भाभी बहुत अच्छा तैरती हैं."

"उसको नहीं आता," मी म्हणालो. "मेरे को आता है."

त्यानं मान डोलावली आणि आणखी एक खाकरा दिला.

मला होडीतून तिची पाठ तेवढी दिसत होती. मध्येच तिचा एक हात पाण्याखाली कशाकडं तरी बोट दाखवायचा, गाइड मान हलवायचा, मग दोघं वळायचे. एका जागी ती बराच वेळ हललीच नाही. परत आली तेव्हा कपाळावर आणि गालांवर चष्म्याचा लाल वळ उठला होता. मी विचारलं, "काय दिसलं?" तर म्हणाली, "थांबा जरा."

बोटीवर जेवताना तिनं सांगितलं. भाताचा घास हातात तसाच राहिला होता. पिवळे मासे हजारानं होते, म्हणाली, मेंढरांच्या कळपावाणी. एक वळला की सगळे वळायचे, कुणी हाकत नव्हतं तरी. एक निळा मासा इस्त्री मारल्यासारखा चपटा, समोरून बघितला तर नुसती रेघ, वळला की ताटाएवढा. दगडं फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी. तळाला काळं वांगं पडलंय वाटलं, तर ते जितं निघालं आणि सरकलं. मी ऐकून घेतलं. मध्ये तोंड घातलं नाही. ते मला फार जड गेलं, एवढं नमूद करतो.

संध्याकाळी आठला बोटीच्या मोठ्या सभागृहात करमणूक असते. आधी एक जादूगार झाला, त्यानं पुढच्या रांगेतल्या बाईच्या पर्समधून कबुतर काढलं. मग नाच झाला. मग चमचमता कोट घातलेल्या निवेदकानं खेळ जाहीर केला: आज पाण्याखाली काय बघितलं ते दोन मिनिटांत सांगा, ज्याला जास्त टाळ्या त्याला बक्षीस.

दोघं-तिघं बोलले. "बहुत सुंदर था, बहुत कलरफुल था," एवढंच. निवेदक आमच्या रांगेपाशी आला. माझ्या शेजारी बायकोचा हात खांद्यापर्यंत वर गेला. मी तो पाहिला. माइक आम्हा दोघांच्या मधोमध आला.

एवढ्या माणसांत, तेही हिंदीत, तिला बोलता येणार नाही, असं मला वाटलं. म्हणजे तसं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या वेळी वाटायला सवड कुठं होती? माइक माझ्या हातात होता.

पुढची दोन मिनिटं मी चांगली वापरली. पाण्याखाली मेंढरं चरताना बघितली म्हणालो, आणि सभागृह हसलं. निळ्या माशाला इस्त्री मारली. फुलकोबी सांगितली. जिवंत वांग्याला तर लोकांनी बाकं वाजवली. माझं उंब्रजचं हिंदी ऐकूनही काही जण हसले असतील, पण टाळी ती टाळीच. तो खाकरेवालाही टाळ्या वाजवत होता. मी होडीत बसून होतो हे जहाजावर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भला माणूस, काही बोलला नाही. बोटीचं चित्र असलेली पांढरी टोपी मला मिळाली. निवेदकानं ती स्वतःच माझ्या डोक्यावर ठेवली.

जागेवर आलो तर बायकोचा हात मांडीवर होता. तिनंही टाळ्या वाजवल्या, इतरांच्या थांबेपर्यंत.

आमच्या खोलीकडं जाणारा बोळ लांबलचक होता. ती पुढं चालत होती, मी टोपी हातात घेऊन मागं. काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझा हात दिसला मला."

"ठावं हाय."

"पुढच्या वेळी…"

"चांगलं सांगितलंत," ती म्हणाली. "मेंढरांचं तर लय झ्याक. मला त्येवढं हसवाय आलं नसतं."

ती खरंच तसं म्हणत होती. त्यामुळं मला अधिकच अवघडल्यासारखं झालं. दाराशी येऊन तिनं चावीचं कार्ड लावलं, दिवा हिरवा झाला, आणि दार अर्धं उघडून ती थांबली.

"कासव राह्यलं तेवढं," ती म्हणाली.

"कासव? कुठलं कासव?"

"होतं एक. माझ्या पोटाखालनं गेलं, अगदी सावकाश. मी हललेच न्हाई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बहिणींस्नी सांगताना या ऐकाय. मागं बसायचं."