जावईबापूंचं सॉफ्टवेअर

समस्त आप्तेष्टांना, हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना आणि विशेषतः पुण्याच्या विहीणबाईंना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरच्या मॅकवर जावईबापूंनी स्वहस्ते बसवलेले सॉफ्टवेअर शनिवारी सकाळी काढून टाकण्यात आले आहे. काढणारी मी. त्या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होते. पश्चात्ताप झालेला नाही.

आता सविस्तर सांगते.

लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिचा जुना मॅक माझ्या वाट्याला आला. मी स्वतः लग्न होऊन हैदराबादला आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. इथल्या मराठी घरांतली मुलं मराठी बोलतात, त्यात तेलुगू आणि उर्दूची फोडणीही झकास असते, पण छापलेलं मराठी पुढे ठेवलं की गप्प होतात. त्यांना वाचायला शिकवायचा ऑनलाइन वर्ग काढावा, हे कित्येक वर्षं मनात होतं. पन्नाशी उलटल्यावर धीर केला. आठ मुलं जमली. कुणाची बायको किंवा कुणाची आई म्हणून न मिळालेलं, माझं असं हे पहिलं काम.

पहिल्या रविवारी मुलांच्या मागे त्यांचे आईबापही पडद्यावर हजर. मी झकास सुरुवात केली. ‘ठ’पाशी आले, ठसठशीत ‘ठ’ उच्चारायला तोंड उघडलं आणि मॅक गोठला. ती रंगीबेरंगी गोल चकती गरागरा फिरायला लागली. तिकडे आठ घरांत माझं उघडं तोंड तसंच्या तसं दिसत राहिलं. पोरं खूश झाली, आईबाप नाही. असं चार वेळा झालं.

शेवटी एका मुलीचे वडील बोलले. बेगम बाजारात मसाल्यांचा घाऊक धंदा, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. म्हणाले, “मॅडम, पुढच्या रविवारी बघू. पुन्हा अटकलं तर राहू द्या. पोरांचा टाइम जातो.”

बाकीच्या चौकटींतल्या माना हलल्या. म्हणजे माझ्या वर्गाला एका आठवड्याची मुदत मिळाली.

“जावईबापूंना सांगू या, ते बघतील,” आमचे हे म्हणाले.

“त्यांनी बघितलंय की. तुम्हीच चहा केला होतात तेव्हा.”

त्याचं असं आहे, आमच्या नात्यातली निम्मी मंडळी कॉम्प्युटरच्या नोकरीत. पूर्वी पुण्याहून पाहुणे येताना बाकरवडी आणायचे. आता येतात, चहा होईपर्यंत माझा मॅक उघडतात, “अरेरे, याला संरक्षणच नाही!” म्हणून हळहळतात आणि काहीतरी बसवून जातात. जावईबापूंनी व्हायरसपासून वाचवणारं एक बसवलं. माझ्या बहिणीचा मुलगा आला, त्याने व्हायरसपासून वाचवणारं दुसरं बसवलं. नणंदेच्या यजमानांनी कचरा झाडून वेग वाढवणारं तिसरं बसवलं. मी तिघांनाही “वा, छान” म्हटलं. नको म्हणायची आपल्यात पद्धत नाही. आहेरात आलेला ब्लाउजपीस आपण परत करतो का?

शनिवारी सकाळी मी मॅक बनवणाऱ्यांचं मदतीचं पान उघडलं, दोनदा वाचलं आणि त्यातल्या पायऱ्या एका कागदावर स्वच्छ मराठीत उतरवल्या. पहिली पायरी होती शिफ्टचं बटण दाबून धरून मॅक चालू करायची. तसं केलं की तो फक्त स्वतःच्या घरच्या गोष्टी घेऊन उठतो, बाहेरून आलेल्यांना दाराबाहेर थांबवतो. धडे उघडले, चित्रं उघडली, बारा खिडक्या एकदम उघडल्या. मॅक हरणासारखा पळत होता!

“म्हणजे मशीन धडधाकट आहे,” मी जाहीर केलं. “दुखणं पाहुण्यांचं आहे.”

“हळू बोल,” हे म्हणाले. घरात आम्ही दोघंच होतो.

मग मॅक नेहमीसारखा चालू केला आणि कोण किती ताकद खातंय याची यादी उघडली. सगळ्यात वर दोन नावं, एक जावयाचं आणि एक भाच्याचं. एकाने फाइल तपासायला घेतली की दुसऱ्याला संशय यायचा आणि तोही तीच तपासायचा. मग पहिल्याला दुसऱ्याचा संशय. एका स्वयंपाकघरात दोन जावांनी आळीपाळीने आमटीचं मीठ चाखत बसावं आणि आमटी पानापर्यंत पोचूच नये, तसं. त्यात ते झाडूवालं तिसरं मधूनमधून येऊन पातेलंच घासायला न्यायचं.

भाच्याचं आधी काढलं. उचललं आणि कचरापेटीत टाकलं. मॅक पुन्हा चालू केला, तर चकती हजर! पुन्हा मदतीचं पान. तिथे कळलं की असली सॉफ्टवेअर नुसती टाकून जात नाहीत, त्यांची पिल्लं आत ठिकठिकाणी लपून बसतात. ज्याचं त्याचं काढायचं साधन असतं, ते आणून चालवावं लागतं. आणलं. चालवलं. पिल्लांसकट भाचा बाहेर. त्याच्या मागोमाग झाडूवालं.

बराच फरक पडला. पण कॅमेरा लावला की मॅक अजूनही अडखळत होता. यादीत सगळ्यात वर आता एकटे जावईबापू.

“अगं, ते राहू दे. जावयाचं आहे.”

“अहो, मी जावई नाही काढत, त्यांचं सॉफ्टवेअर काढतेय.”

“विहीणबाईंना कळलं तर?”

“कळू दे. माझा वर्ग त्या घेणार आहेत का?”

काढलं. मग मात्र मनाला लागलं म्हणून जावईबापूंना फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. ह्यांनी डोळे मिटले.

“आई,” जावईबापू म्हणाले, “माझ्या मॅकवरून मी ते कधीच काढलं. फार स्लो करायचं. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

नंतर ह्यांना फोन देऊन आतल्या खोलीत बसवलं आणि पाऊण तास पडद्यावरून बाराखडी शिकवली. मॅक एकदाही अटकला नाही. ह्यांनी दोनदा जांभई दिली, तीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग दिसली.

रविवारी पुन्हा आठ चौकटी. ‘ठ’ आला, ठणठणीत गेला. ‘ढ’ गेला, ‘ण’ गेला. शेवटी आठवडाभर घरी पुढची अक्षरंही गिरवलेल्या मसालेवाल्यांच्या मुलीने बोट ठेवत ठेवत एक अख्खं वाक्य वाचलं, “आमच्या अंगणात चिमणी आली,” आणि स्वतःच दचकून वडिलांकडे बघितलं. तासाच्या अखेरीस त्यांनी माइक चालू केला.

“मॅडम, मागच्या वेळी इतकं अटकत होतं. रिपेअरला कुणाला बोलावलं?”

“कुणाला नाही. मीच केलं,” मी म्हटलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, कचरापेटी आणि पिल्लांसकट. आठही घरं ऐकत होती. सांगताना माझी मान किती ताठ झाली होती, ते मला कोपऱ्यातल्या माझ्या चौकटीत दिसत होतं.

मसालेवाले कॅमेऱ्याजवळ सरकले. आणि मग, सगळ्यांसमोर, अस्सल हैदराबादी सुरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मॅडम, हिच्या दोन्ही भावांचीही नावं लिहून घ्या, और वो निकालते कैसा जरा बताओ ना, हमारा बी ऐसाइच अटकता!”