साहेब जेवून गेले

त्या जेवणाचा मला अजून राग येतो. चार वर्षं झाली, पाऊस परत लागला, माळ हिरवा झाला, लोक विसरले. मी विसरलेलो नाही. बहात्तरच्या दुष्काळात साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका धनगरवाडीवर उपाशी माणसांनी सरकारी साहेबाला मटण-भाकरी जेवायला घातली. आणि साहेब आला होता कशासाठी? वाडीवर उपासमार आहे की नाही, ते बघायला.

मी स्वतः रहिमतपूरकडचा. आमच्या विहिरीला त्याही वर्षी पाणी होतं, ऊस उभा होता. वडील म्हणायचे, "पूर्वेला कायमच दुष्काळ असतोय. त्यास्नी सवय हाय. तुला काय करायचंय?" सवय! उपाशी राहायची कुणाला सवय असते? मी ताटावरून उठलो आणि सांगलीला आमच्या संघटनेच्या खोलीत जाऊन पडलो. तिथं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. दिवसभर हँडल फिरवायचं आणि शाईचे हात घेऊन एस्टीत चढायचं. पत्रकं लिहिण्यात माझा हात चालायचा. वाक्य लहान ठेवायचं, शेवटी उद्गारचिन्ह ठोकायचं.

असंच एक पत्रक मी त्या वाडीवर वाचून दाखवलं. 'भुकेलेल्यांनो, जागे व्हा!' समोर बायका बसल्या होत्या, कारण बाप्ये माणसं मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडाला गेली होती. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, जिचं वाडीवर चालायचं, ती म्हणाली, "आमी झोपलोय कवा रं? भुकेल्या माणसाला झोप येती व्हय?"

सगळ्या हसल्या. मला ते लागलं. मी पत्रकाची घडी केली आणि कामाचं बोललो.

कामाचं हे होतं, की सरकारचं दुष्काळी काम वाडीपासून तीन कोसांवर चालू होतं. तलावाचा बांध. दिवस उगवायला हजेरी. उशीर झाला की मुकादम परत पाठवायचा, आणि हजेरीत नाव नाही तर धान्य नाही, पौष्टिक पिठाची सुकडी नाही. ज्यांच्या पायांत बळ होतं त्या जात होत्या. म्हातारीची नातसून सहा महिन्यांची गरोदर होती. तीही जात होती. नवरा मेंढरांमागं, सासू आधीच गेलेली, घरात ह्या दोघीच. नातसुनेनं हजेरी गाठली तर दोघी खाणार, नाही गाठली तर दोघी उपाशी. पोट वाढत होतं आणि वाट तीन कोसच राहणार होती. वाडीच्या खालीच एक नाला होता. त्यावर बांध घालायचं काम सरकारनं काढलं असतं तर ही बाई चार पावलांवर कामाला गेली असती. आम्ही तीच मागणी लावून धरली. अर्ज केला, सगळ्यांचे अंगठे घेतले. तालुक्याच्या कचेरीतून उत्तर आलं, साहेब जागेवर येऊन पाहणी करतील.

मी खूश. बैठक घेतली. म्हणालो, "साहेब येतील तेव्हा काही लपवायचं नाही. दुरड्या उघडून दाखवायच्या. चुलीवर काय शिजतंय ते दाखवायचं." चुलीवर शिजत होता रेशनचा लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाल्ली की पोटात दगड होऊन बसायची. "तेच दाखवा," मी म्हणालो.

सगळ्या म्हणाल्या, "व्हय, व्हय."

एक रिटायर हवालदार होता वाडीवर, फौजेत स्वयंपाकघर सांभाळून आलेला. तो म्हणाला, "ऑर्डर समजली, गड्या." मी त्या 'व्हय'वर विश्वास ठेवला. ही माझी चूक. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. रहिमतपूरला जन्मून मला हे कळायला हवं होतं.

पाहणीच्या दिवशी मी पहिल्या एस्टीनं उतरून माळ तुडवत वाडीवर आलो, तर वास आला. रश्शाचा. मला वाटलं, माझ्याच रिकाम्या पोटाचा हा खेळ आहे. पुढं बघतो तर अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर नवी घोंगडी अंथरलेली. बायकांनी पेटीतली लुगडी काढून नेसलेली. हवालदार इस्त्रीचा फौजी कोट घालून, छातीवर बिल्ले लावून उभा. कळपामागं चालता येईना म्हणून मागं ठेवलेलं एक लंगडं मेंढरू होतं, ते कापलं होतं.

"हे काय चालवलंय?" मी ओरडलो.

"हळू बोल," हवालदार म्हणाला. "साब येणार हायेत. फाटकं घालून उभं राहायचं व्हय? आन् मिलो घालायचा पावण्याला?"

"तो पाहुणा नाही! तो पाहणीला येतोय!"

"घरला आला म्हंजी पावनाच."

मी चुलीपाशी गेलो. म्हातारी भाकऱ्या थापत होती. पांढऱ्याशुभ्र, शाळूच्या. शाळू कुठून आला, मी विचारलं. म्हातारी थापतच राहिली. शेवटी नातसून म्हणाली, "बी काढलं. मी नगं म्हनलं हुतं." पुढच्या पेरणीसाठी राखेत घालून ठेवलेलं बी होतं ते. धुऊन, वाळवून, दळलं होतं. पाच घरांचं बी.

तेवढ्यात जीप आली.

साहेब वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आहे. वाईट असता तर पत्रक लिहून मोकळा झालो असतो. त्यानं हात धुतले, गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायला, घोंगडीवर मांडी घातली, दोन भाकऱ्या कुस्करून खाल्ल्या, रस्सा मागून घेतला. "झणझणीत झालाय," म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी मध्ये तोंड घातलं, "साहेब, हे रोजचं नाही—" तर म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरकलो. जेवणाऱ्यापुढं असलं बोलायचं नसतं. साहेबानं नाला लांबून बघितला, जीपमध्ये बसला. आठ दिवसांनी कागद आला. वाडीची स्थिती ठीक आहे, जवळ काम काढायची गरज दिसत नाही.

मी तो कागद वाडीवर वाचून दाखवला आणि मग जे तोंडात येईल ते बोललो. तुम्हाला अक्कल नाही म्हणालो. तुमच्यासाठी आम्ही चपला झिजवायच्या आणि तुम्ही बी शिजवून त्याला घालायचं. म्हातारी म्हणाली, "मग काय करायचं हुतं रं? आमच्या भुकेची जत्रा भरवायची हुती तुला? उघडी गाडगी मांडायची, आन् लोकांनी बघून जायचं?"

"मग मरा उपाशी," मी म्हणालो.

हे मी बोललो. लपवत नाही. पत्रकात असलं वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडी घातलं असतं, सावकाराच्या किंवा सरकारच्या. ते माझ्या तोंडातून आलं.

नातसून उठली, मला म्हणाली, "कशाला त्यास्नी बोलताय? मी जाती की तीन कोस."

ती गेलीही. तिसऱ्या दिवशी वाटेत तिला बसावं लागलं. पोहोचेपर्यंत सूर्य हातभर वर आला होता. मुकादमानं परत पाठवलं. सहा कोस चालून ती रिकाम्या हातानं घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. मला हे कळलं ते वाडीवर गेल्यावर. मी शरमेनं गेलो होतो, की नवं पत्रक घेऊन, आता सांगता येत नाही. दोन्ही असेल.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्यो सायेब आमच्यात जेवलाय न्हवं?"

"जेवलाय."

"मग आता आमी त्याच्यात जायाचं. जेवायला. जेवून गेलेल्याकडं जाता येतंय."

मला वाटलं, म्हातारी भ्रमली. पण बायकांना ते लगेच पटलं. त्यांच्यात तसंच चालतं. ज्यानं तुमच्या घरी ताट घेतलं त्याचं दार तुम्हाला उघडं. मी म्हणालो, ठीक आहे, मोर्चा काढू, घोषणा मी देतो, पत्रकं वाटतो. म्हातारीनं हात वर केला. "कागद पिशवीत ठेव. पावनं कागद वाटत्यात व्हय?"

बाजारच्या दिवशी आम्ही कचेरीवर गेलो. पुढं हवालदार, तोच कोट, तेच बिल्ले. मागं बायका, तीच लुगडी. नातसुनेला कुणाच्या तरी बैलगाडीतून आणलं. मी सगळ्यांत मागं, पिशवी छातीशी धरून. कुणी घोषणा दिली नाही. कचेरीच्या ओट्यावर सगळ्या रांगेनं मांडी घालून बसल्या, पंगतीला बसतात तशा. शिपाई धावत आला.

"कोण पायजे?"

"सायबाला सांग, पावनं आल्यात," म्हातारी म्हणाली.

साहेब बाहेर आला. त्यानं ओळखलं. "निवेदन आणलंय का?"

"न्हाई. जेवाय आलोय."

बाजारातली माणसं गोळा झाली होती. कुणीतरी ओरडलं, "आवं सायेब, पाट मांडा की!" हशा पिकला. साहेब लाल झाला. "ही कचेरी आहे. इथं जेवणावळी होत नाहीत."

"आमच्यात तरी कुठं हुत्यात्या? तुमी आला म्हून झाली." म्हातारीचा आवाज चढला नाही. "तुमी दोन भाकऱ्या खाल्ल्या. लय बरं वाटलं. ते पेरायचं बी हुतं, सायेब. आता पेरायचं काय, ते बी तुमीच सांगा."

हशा थांबला.

"मला त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

"जेवताना पावण्याला सांगत्यात व्हय कुणी?"

साहेब नातसुनेकडं बघत राहिला. ती ओट्याला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. मग त्यानं कारकुनाला हाक मारली आणि म्हणाला, पुन्हा पाहणी करावी लागेल. हवालदारानं टाचा जुळवून सलाम ठोकला. "जरूर करा, साब. पर या येळंला घरनं जेवून या."

पुन्हा पाहणी झाली. नाल्यावर काम निघालं. आमच्या संघटनेनं 'आमच्या लढ्याला यश!' असं पत्रक काढलं, आणि ते मीच लिहिलं. त्यात म्हातारी नव्हती, बी नव्हतं, आणि मी बोललेलं ते वाक्य तर नव्हतंच. म्हणून आता हे लिहितोय. पुढं पाऊस आला तेव्हा त्या पाच घरांना पेरायला बी उसनं मागत फिरावं लागलं, तेही त्या पत्रकात कसं असणार?

काम सुरू झालं त्या दिवशी साहेब आला होता. नातसून पहिल्या हजेरीत होती. मुकादमानं तिला पाटी उचलायला लावली नाही, पाणी वाटायला बसवलं. तिनंच साहेबापुढं तांब्या धरला. साहेबानं सवयीनं आधी डावा तळहात पुढं केला, गुळाच्या खड्यासाठी. आमच्याकडं पाहुण्याला पाणी गुळाशिवाय देत नाहीत. हात तसाच राहिला. तिनं तांब्या खाली घेतला नाही.

त्यानं हात मिटला आणि नुसतं पाणी प्यायला.