ग्रुपवर मी हसले तेव्हा

बारावीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला होता आणि त्याची अ‍ॅडमिनही मीच. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात पोरांच्या नावानं बोटं मोडायला मला जागा नाही. भिलाईच्या एका शाळेत मी केमिस्ट्री शिकवते. शाळेत हिंदी, घरी आमची नागपुरी, आणि लिहायला बसलं की ही पुस्तकातली मराठी. असा तिहेरी संसार गेली कित्येक वर्षं चालू आहे.

ग्रुपचं काम एवढंच, की गृहपाठ टाकायचा, सुट्टीची खबर द्यायची, प्रॅक्टिकलची फाइल कधी आणायची ते सांगायचं. बाकी दिवसभर पोरं गुड मॉर्निंगची फुलं टाकत आणि मी तिकडं काणाडोळा करत असे. "ग्रुप म्हणजे वर्गच आहे, नीट वागायचं," असं पहिल्याच दिवशी मी ठणकावलं होतं. वाहवा! वर्गात माझ्या नजरेतून खडूचा तुकडा सुटत नाही, आणि ग्रुपवर मी जायची ती कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

त्या बुधवारी सकाळीही तसंच. एका हातात पोळ्यांचा सराटा, दुसऱ्या हातात मोबाइल. वर्गातल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आलेला. लावला, तर चक्क मराठी! "मावशी, मले लय भेव लागून राहिलं व..." अगं बाई! त्या सगळ्या हिंदीत अचानक माझ्या माहेरची बोली. मला इतकं गोड वाटलं, की पुढचं काही न ऐकता मी एक खदखदून हसणारा चेहरा टाकला आणि पोळी उलटायला वळले.

दुपारी ती ग्रुप सोडून गेल्याचं दिसलं. मोबाइल बिघडला असेल, म्हणून मी सोडून दिलं. गुरुवारी ती शाळेत आली नाही. शुक्रवारीही नाही. आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला मागच्या बाकावर कुणाचा तरी मोबाइल वाजला, त्याची रिंगटोन म्हणजे तिचाच आवाज: "मले लय भेव लागून राहिलं व." सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

माझं डोकंच फिरलं. मोबाइल हिसकावला, बाकावर हात आपटला, ओरडले. एक मुलगी शांतपणे उभी राहिली. हिंदीत म्हणाली, "पण मॅडम, आधी तर तुम्हीच हसल्या होत्या." हिसकावलेला मोबाइल मी त्या बाकावर परत ठेवला.

स्टाफरूममध्ये बसून पहिल्यांदा मी तो मेसेज पुरा ऐकला. "प्रॅक्टिकलचं नाव काढलं का माहे हात थरथरतेत. सकाळपासून दोनदा उलटी झाली. मायले नको सांगजो, थे रडन." बस, एवढंच. बाकीचं मला नंतर तिच्याकडूनच कळलं. मावशी राहते जवळच, अहिवाऱ्याला. घरात मोबाइल दोन. एक बापासोबत स्टील प्लांटात जातो, दुसरा आईचा, आणि त्याच्यावर मावशीचं नाव आणि वर्गाचा ग्रुप एकाखाली एक. घाईत बोट चुकलं. घाबरून पोरीनं मेसेज पुसला, पण पुसला तो फक्त त्याच मोबाइलवरून. बाकी चाळीस जणांकडं तो तसाच राहिला, आणि त्याच्याखाली मॅडमचा हसरा चेहरा. मॅडम हसल्या म्हणजे परवानगीच मिळाली की. कुणी रिंगटोन केली, कुणी तिच्या फोटोचं स्टिकर केलं, कुणी दुसऱ्या सेक्शनला धाडलं.

लाज वाटली. खरंच सांगते, इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. आणि भीती त्याहून मोठी, कारण सोमवारी बोर्डाचं प्रॅक्टिकल होतं. बाहेरचे परीक्षक एकदाच येतात. पोरगी आली नाही तर तिचं बारावीचं वर्ष हातचं जाणार, आणि ते घालवणारी मी.

घरी येऊन मी काय केलं? मास्तरीणच ती! अकरा नियम लिहून काढले. ग्रुपवर काय टाकावं, काय टाकू नये, अनोळखी नंबर जोडू नये, पुढे पाठवू नये, नाहीतर कडक कारवाई. आमचे हे प्लांटात इलेक्ट्रिशियन आहेत, नुकतेच पहिल्या पाळीहून आले होते. चहा पिता पिता त्यांनी कागद वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हे कोण वाचन बाप्पा? हात जोडल्याचे चाळीस फोटो येतीन अन् झालं."

"मग तुम्हीच सांगा ना, शहाणे!"

"आमी मशीनवर काम कराच्या आधी शटडाउन घेतो," ते म्हणाले. "स्विच बंद कराचा, त्याच्यावर माहं कुलूप लावाचं, माह्या नावाचा टॅग. चाबी माह्या खिशात. मंग मोठा साहेब येऊ दे नाही तर त्याचा साहेब, थे कुलूप मीच काढीन. कावून? तर मशीनच्या आत हात माहा रायते." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आवाज त्या पोरीचा हाय ना? मंग तिले इचारलं काय तू, का आता काय कराचं म्हणून?"

नव्हतं विचारलं. कारवाईपासून माफीपर्यंत सगळं मी मनातल्या मनात ठरवून बसले होते, आणि जिचा आवाज तिलाच विचारायचं राहिलं होतं. अकरा नियमांचा कागद मी चुलीत नाही, पण कचऱ्यात तरी टाकला.

शनिवारी सकाळी स्कूटी काढली आणि तिच्या क्वार्टरवर गेले. दार आईनं उघडलं. "या ना मॅडम, बसा. पाहा ना, दोन दिवस झाले, पोट दुखते म्हणते अन् खोलीतून निघत नाही." म्हणजे आईला काहीच माहीत नव्हतं. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं आणि म्हणाले, "प्रॅक्टिकलची फाइल पाहायला आली मी." आई चहा ठेवायला आत गेली.

खोलीत ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. आधी तीच बोलली, खाली मान घालून.

"मले वाटलं होतं, तुमाले तरी समजन. तुमी तर मराठी हा."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला रडूच आलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "मी अर्धाच आयकला व. अर्धाच आयकला अन् हसली. माही चूक झाली." आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थिनीशी मी घरच्या भाषेत बोलत होते. "मले वर्गाले सांगाचं हाय, का मी चुकली. पण तू हो म्हणशील तरच. तुह्या नावानं काहीच बोलणार नाही. आधी तुले पाठवतो, तू आयक. तुले नाही पटलं तर तिथंच पुसून टाकू."

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. मग उशाखालचा आईचा मोबाइल काढून तिनं हातात घेतला. "बोला."

मी माझ्या मोबाइलवर हळू आवाजात बोलले. "पोरं हो, मी मॅडम बोलून राहिली. बुधवारी ग्रुपवर एक आवाज आला. थो आपल्यासाठी नव्हता. मी पुरा न आयकता हसली, अन् मी हसली म्हणून तुमी हसले. दोष माहा हाय. आता माहं आयका. परीक्षक आले का मले बी भेव लागते. पहिल्या वर्षी माह्या हातून काचेचा ब्युरेट फुटला होता, अन् मी स्टोअरमध्ये जाऊन रडली होती. ज्याच्यापाशी थो आवाज हाय, थे स्टिकर हाय, त्यानं पुसून टाका. नाव कोणाचं इचारणार नाही. अन् यापुढं दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचा फोटो पुढं धाडाच्या आधी त्याले इचारा. नाही म्हणला तर नाही." मग हेच सगळं हिंदीत. तिच्याकडं पाठवलं. कान लावून तिनं दोनदा ऐकलं. ब्युरेटपाशी ओठ जरासे हलले.

"पाठवा," ती म्हणाली.

ग्रुपवर पाठवला, आणि चहा घेऊन निघाले. रस्त्यात सिव्हिक सेंटरपाशी स्कूटी बाजूला लावली, कारण पर्समधला मोबाइल थरथरत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पहिला मेसेज वर्गात मला सुनावणाऱ्या त्या मुलीचाच: "स्टिकर मीच बनवलं होतं मॅडम. पुसलं. दुसऱ्या सेक्शनलाही पुसायला लावते." मग एकापाठोपाठ "डिलीट", "डिलीट". आणि मग एका मुलाचा व्हॉइस मेसेज, अस्सल छत्तीसगढीत: "मोला घलो डर लागथे मैडम." म्हणजे मलाही भीती वाटते. वर्गात हा मुलगा छत्तीसगढीचा एक शब्द बोलत नाही. मागून एक तेलुगूत आला, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही, पण पुरा ऐकला. ग्रुपवरचा तिचा मूळ मेसेज अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी पुसता येतो, हेही मला त्याच दिवशी पोरांनीच शिकवलं. कुणी हसण्याचं चिन्ह टाकलं नाही.

तरी सोमवार उजाडेपर्यंत माझा भरवसा बसत नव्हता. स्टिकर पुसणं वेगळं आणि गेटातून आत येणं वेगळं. लॅबमध्ये परीक्षक आले, पोरं रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर येईपर्यंत मी दारच बघत होते. आली! केस घट्ट विंचरलेले, ओठ कोरडे, पण आली. त्या स्टिकरवाल्या मुलीनं तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. हात थरथरत होते, मी पाहिलं. पण थेंब थेंब सोडत शेवटी फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, म्हणजे प्रयोग जमला. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, तिनं दोन्हींची उत्तरं दिली. मी मागं कपाटाला टेकले आणि दोन दिवसांचा श्वास एकदम सोडला. हुश्श!

सगळं संपल्यावर ती व्हरांड्यात माझ्यासाठी थांबली होती. आजूबाजूला अर्धा वर्ग. आवाज खाली न करता म्हणाली, "मॅडम, तुमचा मेसेज मायनं आयकला. मीच आयकवला, सगळं सांगून टाकलं तिले. रडली नाही थे, उलट मलेच रागावली का आधी कावून नाही सांगितलं म्हणून. आता म्हणते, अहिवाऱ्याच्या मावशीले पाठव. मी म्हणलं थांब, आधी मॅडमले इचारू दे. पाठवू काय?"

मी नुसतीच मान हलवली.

"असं नाही मॅडम," ती म्हणाली, "तोंडानं सांगा."

"पाठव व माय," मी म्हणाले, "पाठव."